रूबार्बची पानं

दुकानात रूबार्बचे आंबट, लालसर देठ दिसले की मला अजूनही अमेरिकेतल्या डब्लिनमधला तो मे महिना आठवतो. ओहायोचा लांबलेला हिवाळा संपला होता आणि मागच्या यार्डात सगळ्यांत आधी मोठमोठ्या पानांचं रूबार्ब फोफावलं होतं. शेजारच्या आजींनीच त्याचा गड्डा मला दिला होता आणि देठांचा जॅमही शिकवला होता. पानांचं काय करायचं हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी ऑफिसातून आले तर घरभर चिंचगुळाचा वास. पुण्याहून आलेल्या आईनं वाफवलेल्या वड्या ताटात मांडल्या होत्या. "एवढं अळू लावलंयस, बोलली नाहीस," ती म्हणाली. मी एक वडी उचलली, तेवढ्यात टोमॅटोची रोपं द्यायला आजी आल्या. ओट्यावर नुसत्या देठांचा ढीग बघून त्यांनी पानं कुठायत असं विचारलं. मी ताटाकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्या हातातली वडी काढून घेतली. "ही पानं विषारी असतात. कुणी खाल्लीत?" आई दोन वड्या खाऊन बसली होती. मी विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला. आईला एक उलटी झाली, घसा जळजळला, आणि तासाभरात ती सावरली. मग खाली बघत म्हणाली, "तुझ्या पोरीच्या उद्याच्या डब्यात चार भरून ठेवल्यात, आधी त्या काढून टाक." मुलगी आता कॉलेजात आहे, तिला हे मी अजून सांगितलेलं नाही.