खांबाचं पोट

माझ्या वडिलांचं जगाशी एकच भांडण आहे. ते सरळ का नाही? बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांनी कराडच्या आसपास शाळा आणि दवाखाने उभे केले. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या कंपाउंडची भिंत तपासायला गेले. हत्यार एकच, स्वतःचा ओळंबा. दोरीच्या टोकाला पितळी लोळक. टांगला की तो सरळ जमिनीकडं बघतो, आणि त्याच्याशेजारी भिंतीचं पितळ उघडं पडतं.

आयर्लंडमध्ये डंडॉकला आमच्याकडं पहिल्यांदा आले तेव्हाही ओळंबा बरोबर होता. कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीला टेकून, पायमोज्यात गुंडाळलेला. कोट काढायच्या आत त्यांनी तो आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीशेजारी धरला.

"ही कुणी ठोकली?"

"मी."

"वाटलंच."

पुढं चहा झाला.

पाहुणे आले की मी गावाचा गाइड होतो. एरवी त्याच रस्त्यानं केस कापायला जाताना मान वर करत नाही. आमच्या गावाच्या मधोमध कोर्ट आहे आणि ते थेट ग्रीक देवळासारखं बांधलंय. पायऱ्यांवरून उठलेले जाडजूड, पन्हाळी कोरलेले खांब, वर त्रिकोणी कपाळ. अथेन्सच्या उन्हासाठी काढलेला नकाशा आमच्या भुरभुर पावसात उभा आहे आणि आत घटस्फोटाच्या तारखा पडतात.

बाबा बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "खांबांना पोट आलंय."

खांबांपेक्षा जास्त मी फुगलो. कारण माझी मुलगी शाळेत ग्रीक-रोमन संस्कृतीचा विषय शिकते, आणि आदल्याच आठवड्यात जेवताना तिनं हे सांगितलं होतं. अगदी सरळ खांब लांबून कमरेत बारीक दिसतो, म्हणून ग्रीक लोक त्याला मधे किंचित फुगवत. वाकडा करायचा, म्हणजे सरळ दिसतो. तिनं डंडॉकच्या इंग्रजीत सांगितलं, मी कोर्टाच्या पायरीवर ते मराठीत, स्वतःचं म्हणून सांगितलं.

"मुद्दाम केलंय?" बाबा.

"मुद्दाम. आणि साध्या नजरेला ते दिसत नाही. तुम्हाला दिसलं!"

"हे आमच्या ठेकेदारांना कळलं नाही ते बरं," बाबा म्हणाले. "नाहीतर प्रत्येक भिंत ग्रीक झाली असती." पण चेहरा असा खुलला की माझ्या पगारवाढीलाही कधी खुलला नव्हता.

मग रोजचं झालं. सकाळी कोर्टापर्यंत चालत जायचं, येऊन बातमी द्यायची. आज डावीकडच्याचं पोट जास्त वाटलं. आज सगळेच सुटलेत. डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला एका मराठी कुटुंबाकडं जेवायला गेलो, तिथं मी बाबांच्या नजरेचं कौतुक श्रीखंड वाढावं तसं वाढलं. परत येताना गाडीत बायको म्हणाली, "मागच्या महिन्यापर्यंत तुला पार्थेनॉन ही तापावरची गोळी वाटत होती." ती भूलतज्ज्ञ आहे. माणूस गप्प करणं हा तिचा व्यवसाय.

एका सकाळी बाबांनी निघताना ओळंबा खिशात घातला. "चल तू पण. दोरी धरायला माणूस पाहिजे."

कोर्टाच्या वरच्या पायरीवर मी हात उंच करून दोरी धरली, लोळक खांबाच्या कडेला सोडला. शेजारी एक वकील सिगारेट ओढत होता. त्यानं वर बघितलं. "पडणार आहे का हे आमच्या डोक्यावर?"

"नाही, वडील जरा बघताहेत."

"ग्रँड," म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत बरंय, आणि तरी दोन पावलं बाजूला सरकला.

बाबा खाली जाऊन उभे राहिले. एक डोळा मिटला. आयुष्यभर असंच बघत आलेत.

"हात हलवू नको."

"नाही हलवत."

"दोरी ताणून धर की लेका!"

"बाबा, ओळंब्याची दोरी आहे ती. लोळक ताणतोय तिला."

बाबांनी मिटलेला डोळा उघडला, दुसरा मिटला. परत पहिला मिटला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "दोरी वाकडी दिसतेय रे."

मी दोरीकडं बघितलं. जगात तेवढी एकच गोष्ट त्या क्षणी सरळ होती.

"कधीपासून दिसतंय असं?"

"दिवाळीपासून असेल. दाराची चौकट, न्हाणीतल्या फरश्या. तुझी फळीसुद्धा." त्यांनी दोन्ही डोळे उघडले. "तू म्हणालास ना, खांब मुद्दाम वाकडे केलेत. बरं वाटलं मला. म्हटलं, चला, हा तरी दोष आपला नाही. पण खात्री करावी वाटली."

वकिलानं सिगारेट विझवली आणि आत गेला.

त्या संध्याकाळी बायकोनं कागदावर चौकटी आखून बाबांपुढं धरल्या. मधल्या चौकटी पाण्यात पडल्यासारख्या दिसतात, म्हणाले. पुढच्याच आठवड्यात डब्लिनच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. एका डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध पाणी झिरपतंय. आधी रेघा वाकतात, मग समोरच्या माणसाचा चेहराच पुसला जातो. उशीर झालाय, पण फार नाही. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची, महिन्या-महिन्यानं, आणि मधे सोडायची नाहीत.

"डोळ्यात सुई," बाबा गाडीत एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं, "आणि स्लॅब?"

कराडला धाकटे काका घर बांधत होते. भिंती उभ्या झाल्या होत्या आणि बाबा परत येईपर्यंत त्यांनी स्लॅब थांबवला होता. दादा उभा राहिल्याशिवाय टाकायचा नाही, असं त्या भावांचं ठरलेलं. परतीचं तिकीट बाबांच्या उशाला होतं.

रोज सकाळी एक डोळा झाकून कागदावरच्या चौकटी बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबांनी कागद नाकारला. "कागद कुणीही वाकडा छापेल." त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला ओळंबा टांगला. रोज उठून चांगल्या डोळ्यावर हात ठेवायचे, दोरीकडं बघायचे, आणि आम्ही तिघं हातातले कप तसेच धरून उभे. पहिल्या इंजेक्शननंतर थोड्याच दिवसांनी म्हणाले, "सरळ आहे." दुसऱ्यानंतर रोजच. सूनबाईनं एवढ्यात इतका फरक पडत नाही म्हटलं, तर म्हणाले, "तुमचं औषध चांगलं. आता तिकिटाचं बघा."

मला ते खरं वाटायला हवं होतं, म्हणून वाटलं. तारखा बघायलाही लागलो.

मग एका सकाळी मुलीनं शाळेचं दप्तर दाराच्या मुठीला अडकवलं. त्याचा पट्टा दोरीत गुंतला आणि दोरी मधोमध चांगली वीतभर बाजूला ओढली गेली. रस्त्यावरच्या माणसालाही दिसावी अशी. बाबा आले, डोळ्यावर हात ठेवला.

"सरळ आहे. एकदम." आणि चहाकडं हात केला.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी फळीकडं. बोलायचं मलाच होतं, पण मी घरातला मोठा माणूस असल्यामुळं गप्प बसलो. मुलगीच तोंडातला टोस्ट गिळून पुढं झाली आणि पट्टा सोडवला. दोरी सुटली, लोळक झोके घ्यायला लागला.

"नाऊ, आजोबा," ती म्हणाली. "आता सांगा. खरं."

बाबांनी कप खाली ठेवला. परत डोळा झाकला. लोळक थांबेपर्यंत थांबले. हलत्या ओळंब्यावरून त्यांनी जन्मात कधी माप घेतलं नव्हतं.

"पोट आहे," ते म्हणाले. "आधीपेक्षा कमी आहे. पण आहे."

मग ते माझ्याकडं वळले.

"काकाला फोन लाव. म्हणावं, स्लॅब टाकून घे. माझी वाट बघू नको." मग जरा दम घेऊन, "आणि खांब सरळच ठेव म्हणावं. आपण काही ग्रीक नाही."

मी नंबर लावला. पलीकडं रिंग वाजत होती तरी बाबांनी चांगल्या डोळ्यावरचा हात काढला नव्हता.