थंडीत न उतरलेला उजेड

टॉर्चमधलं आपल्याएवढं कुणालाच कळत नाही, हे काउको कार्प्पिनेनने आमच्या तळ्याकाठी इतक्या वेळा सांगितलं होतं, की शेवटी लोकांनी कंटाळून मान्य करून टाकलं. नवा टॉर्च आला की त्याचा दोस्त सेप्पो बटण दाबायचा, दुसरा दोस्त रायमो समोरच्या पांढऱ्या चादरीपाशी उजेड मोजायचा मीटर धरून उभा राहायचा, आणि काउको नुसत्या नजरेने निकाल द्यायचा. "मंद. मध्यम. आता तेज, पण जरा हिरवट मारतोय." मग रायमो मीटर वाचायचा आणि काउकोचंच खरं निघायचं.

खरं म्हणजे त्याला गेले दोन हिवाळे धड दिसत नव्हतं. जिकडे बघावं तिकडे मधोमध करडा डाग. तरी तोंडाचा पट्टा चालूच. बटणाची टकटक ऐकली की मोड कळतो. टर्बोवर, म्हणजे सगळ्यात तेज मोडवर, टॉर्च तापतो आणि थोड्या वेळाने आपोआप उजेड उतरवतो. तेवढा वेळ मनात मोजला की झालं. लपवायचं कारण साधं होतं. बायको गेल्यापासून तो तळ्यापलीकडे एकटा राहत होता आणि तिकडची बस केव्हाच बंद पडली होती. डोळ्यांचं बिंग फुटलं तर लायसन्स जाणार, मग दुधाच्या पिशवीसाठीसुद्धा कुणाच्या तरी तोंडाकडे बघायचं. म्हणून तो पाठ झालेल्या रस्त्यावर गाडी हाकत होता, आणि समोरून येणारे स्वतःच्या नशिबाने वाचत होते.

एरवी चाचणी सेप्पोच्या उबदार गॅरेजात व्हायची. या जानेवारीत तिथे त्याच्या जावयाने बर्फावरची मोटारसायकल खोलून ठेवली होती, म्हणून तिघे किनाऱ्यावर आले. चादर सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीवर टांगली. दुपार सरताच काळोख झाला होता, आणि थंडी अशी की नाकातले केस ताठ होत होते.

सेप्पोने टर्बो लावला. काउको मनात मोजत राहिला आणि वेळ भरताच ऐटीत म्हणाला, "हं, उतरला. चांगलाच उतरला."

"काय उतरलं?" रायमोने चादरीपाशी उभ्या उभ्या विचारलं.

"उजेड. निम्म्यावर आला की."

"मीटर जागचा हललेला नाही."

"मग मीटर बिघडलाय तुझा."

सेप्पोने हातमोजा काढून टॉर्च चाचपला. गारढोण. एवढ्या थंडीत धातू तापलाच नव्हता, आणि न तापलेला टॉर्च उजेड कशाला उतरवील? टॉर्चवाल्याला पहिल्याच हिवाळ्यात कळणारी गोष्ट, पण पाठांतराच्या नादात काउको ती साफ विसरला होता.

रायमोच्या मनात शंका शिरली. तो जवळ आला, सेप्पोला कोपराने ढोसलं आणि बॅटरी काढलेला दुसरा टॉर्च त्याच्या हातात दिला. पहिला टर्बोवर तसाच जळत होता. सेप्पोने दुसऱ्याचं बटण दाबलं. टक.

"मंद," काउको म्हणाला.

टक.

"मध्यम."

"आणि रंग?" रायमोने गंभीरपणे विचारलं.

"जरा पिवळट."

रायमो फिस्सकन हसला. सेप्पो आधी लाजला, मग तोही पोट धरून हसायला लागला. काउकोला त्या हसण्यावरून सगळं समजलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"हसा लेको हवं तेवढं," तो म्हणाला. "पण कुणाला सांगू नका."

"किल्ली दे," रायमो म्हणाला. "माझी नातवंडं त्याच रस्त्याने शाळेत जातात."

काउकोने किल्ली दिली. त्याची गाडी तिथेच ठेवून सेप्पो स्वतःची गाडी चालवायला बसला, रायमो शेजारी, काउको मागे. वाटेत पुढचे दोघे त्याचे टॉर्च वाटून घेत होते, तो गाडीत नसल्यासारखे.

"लांब पल्ल्याचा मला," सेप्पो म्हणाला. "तो काय करणार त्याचं?"

"एक तरी राहू द्या," काउको मागून म्हणाला. "तो जपानी. मी हाताने घासून गुळगुळीत केलेला."

"देतो ना," रायमो म्हणाला, आणि सेप्पोच्या गाडीच्या कप्प्यातला, पेट्रोल पंपावर फुकट मिळालेला टॉर्च त्याने मागे सरकवला. "घे. हाच ना?"

काउकोने तो तळहातावर तोलला. हलकं प्लास्टिक, मधोमध साच्याची खरखरीत शिवण. उद्या घरातला पाव आणि कॉफी संपणार होती, आणि दुकानात न्यायला या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "हाच. उपकार झाले."