मेंढीनं न प्यालेलं पाणी

आबा, म्हणजे माझे वडील, ताकही फुंकून पिणारे. मग दुधानं तोंड पोळलेलं असो वा नसो. नव्वदच्या दशकात मी बारामतीबाहेरच्या सांडपाण्याच्या तळ्यांवर ऑपरेटर म्हणून लागलो, तेव्हा त्यांनी सहा महिने मला घरच्या माठाला हात लावू दिला नाही. मला भयंकर राग यायचा. कामावरच नळाखाली आंघोळ करून घरी यायचो, तरी तेच.

तळी तीन होती. पहिल्यात गाळ बसायचा, दुसऱ्यात ऊन आणि शेवाळ आपलं काम करायचं, तिसऱ्यात पाणी बरेच दिवस नुसतं पडून राहायचं. शेवटी टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, टाकून पाणी चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या पाटाला, सोडायचं. ती चारी आमच्या गाईंच्या घासाच्या, म्हणजे हिरव्या चाऱ्याच्या, तुकड्याला लागूनच जायची.

त्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला. घास वाळला तर दोन्ही गाई बाजारात न्याव्या लागणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. मी म्हणालो, "आबा, चारीचं पानी घ्या. मी सोता साफ करतोय."

"तू करतोयस म्हणूनच भ्या वाटतंय," आबा म्हणाले. "मेंढी पिली तर घिऊ."

आधीच्या गावी, निरवांगीला असताना आमची मेंढरं होती. रानोमाळ हिंडताना अनोळखी पाण्यावर आधी म्हातारी मेंढी सोडायची, तिनं तोंड लावलं तरच कळपाला पाजायचं, अशी रीत. कळप गेला, शेती आली, पण आबांनी एक म्हातारी मेंढी राखली होती. आता माझ्या कामाचा निकाल ती देणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या मापाहून दोन डबडी पावडर जास्त ओतली. म्हटलं, कसला म्हणून वास उरायला नको. मेंढी चारीशी आली, हुंगली, शिंकली आणि मागं फिरली. आबांनी माझा हात धरून आपल्या नाकाशी नेला.

"पावडर जादा टाकलीस?"

"व्हय. वास येऊ न्हाय म्हणून."

"म्हंजी तुझाबी इस्वास न्हवता."

ज्या कामावरून सहा महिने घरात भांडलो, त्याची मलाही खात्री नव्हती, आणि ते मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. लाज वाटली.

पुढच्या दिवशी आबा टाकीशी उभे राहिले आणि मी त्यांच्यासमोर बरोबर मापानं पावडर टाकली. मेंढी पोटभर प्यायली. मी फावडं घेऊन घासाला पाणी वळवायला, दारं धरायला निघालो, तर आबांनी ते हातातून काढून घेतलं.

"पानी चांगलं हाय," ते म्हणाले. "पर रोज त्यात काय पडतंय, ते तुलाच ठावं."

चारीचं पाणी घासाला लागलंच नाही, आणि त्या आठवड्याच्या बाजाराला गाई निघाल्या. दावी माझ्या हातात होती. आबा मागून येत होते, मी वाटेनं नीट नेतोय का ते बघत.