निळ्या झग्यातली उलटी काच

यांना जाऊन आठ महिने झाले, तेव्हा कुठे मी वसईला निघाले. हे खिडक्यांच्या काचा बसवायचे. पापडीच्या बाजूच्या एका चर्चमध्ये रंगीत खिडकीतला एक निळा तुकडा निखळला होता. तो बसवताना यांच्या हातून उलटा बसला, मागची बाजू पुढे. चौकोनी तुकडा, कसाही बसतो. घरी आल्यावर लक्षात आलं, पण लाजेनं परत गेले नाहीत. शेवटच्या आजारपणात तेवढंच घोकत होते, "सांगून ये गं."

जूचंद्रहून रिक्षाने नायगाव, पूल ओलांडून पुढे बसने पापडी. बस वेळेवर येईल असं धरून चालू नका. जायचं तर सकाळीच जा. खिडक्या पूर्वेला आहेत, ऊन वर चढलं की रंग विझतात. मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, संपेपर्यंत बाहेर थांबावं. कोपऱ्यावर बेकरीत गरम पाव मिळतो. मी घेतला, तसाच पिशवीत ठेवला.

आत फरशीभर तांबडे-पिवळे डाग पडले होते. काचेवरच्या काळ्या रेघा भट्टीत भाजून पक्क्या करतात, एवढं मी वाचलं होतं. तशाच रेघांनी काढलेल्या मरियामातेच्या निळ्या झग्याच्या चुण्या सगळ्या डावीकडे उतरत होत्या. गुडघ्याजवळच्या एकाच तुकड्यात उजवीकडे.

चर्चची देखभाल करणारे फिलीपकाका फरशीवरचं मेण खरवडत होते. त्यांना दाखवलं.

"कुठली? हां... अरे देवा! रोज इथेच गुडघे टेकतो बाई मी. इतकी वर्षं कधी दिसलं नाही."

"यांची चूक आहे. सरळ करून घ्या."

"आता तर तेवढंच दिसतंय. सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं." मग हसले. "तुमच्या मालकांनी मरियेचा गुडघाच मोडला की हो!"

मलाही हसू आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

थोडा वेळ बाकावर बसले. निळा चौकोन माझ्या पदरावर पडला होता. उलटा की सुलटा, कळत नव्हतं.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला. काढताना काच फुटली. नवी बसवलीय, चुण्या बरोबर डावीकडे. जुने तुकडे कागदात बांधून ठेवलेत, घेऊन जा म्हणाले.

यांचा शब्द पाळला. आता तिथे यांच्या हातचं काही उरलं नाही. तुम्ही गेलात तर खिडकी जरूर बघा, सुंदर आहे. मी तुकडे आणायला अजून गेलेले नाही.