रविवारची मोजणी

“तू तिकिटं फाड. विचार करायला आम्ही आहोत ना.”

भर बसमध्ये एका संस्थेच्या मॅडम मला असं म्हणाल्या. रविवार होता. सकाळचे दहा वाजून गेले होते. आमची शहर बस जालना रोडवर चिंचेच्या स्टॉपला थांबली होती. गाडीत जेमतेम दहा माणसं, त्यातली सहा ह्या मॅडमच्या बरोबरची. डोक्यावर हिरव्या टोप्या, छातीवर ‘बस वापरा, शहर वाचवा’ असा बिल्ला, हातात पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेला कागद. आंघोळ-नाश्ता उरकून प्रसन्न चेहऱ्यानं आलेली माणसं.

मी कंडक्टर. गळ्यात पट्टा, हातात तिकिटाचं मशीन. दाराशी उभी.

टोपीवाल्यांतल्या एका डॉक्टरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. कोणी उतरलं नाही, कोणी चढलं नाही. “शून्य,” ते म्हणाले आणि कागदावर गोल काढला. मागच्या रविवारीही शून्यच होता म्हणे. म्हणजे हा स्टॉप फुकटचा. त्याच्यासमोर रस्त्याचा दुभाजक माणसांना ओलांडायला उघडा ठेवलाय, तोही फुकटचा, उलट धोक्याचा. ती फट बुजवायची, वर झाडं लावायची, आणि स्टॉप पुढं सिग्नलला न्यायचा. असा त्यांचा बेत. माझ्यादेखत बोलत होते. मी जणू गाडीतला धरायचा दांडा.

मला राहवलं नाही. म्हटलं, “मॅडम, रविवारी नका मोजू. सोमवारी या, सकाळी सातच्या गाडीला. इथं अर्धी गाडी रिकामी होते.”

त्यावर मॅडमनी ते वाक्य टाकलं. रागानं नाही. हसत हसत, माझा खांदा थोपटत. सगळ्या टोप्या हसल्या.

मीही हसले.

त्यांचं हसणं मी एव्हाना विसरले असते. रोज कोणी ना कोणी कंडक्टरला काहीतरी बोलतंच, तेवढं मनावर घेतलं तर नोकरी होणार नाही. पण माझं स्वतःचं हसणं जात नाही. दात काढून हसले मी. मग घंटी मारली आणि गाडी निघाली.

ड्रायव्हर सलीमभाईंनी आरशातून सगळं पाहिलं होतं. पुढच्या स्टॉपला मागं वळून म्हणाले, “जाने देव ताई. बडे लोगां हैं.”

बडे लोगां फेरी संपल्यावर आपापल्या मोटारींत बसून गेले. मोटारी त्यांनी लावल्या होत्या आमच्याच सुरुवातीच्या स्टॉपवर, बसच्या जागेत. त्यामुळं सकाळपासून सलीमभाई गाडी रस्त्याच्या मधोमध उभी करत होते. बसचा प्रचार करायला आलेली माणसं बसला टेकायला जागा देईनात, आणि ह्यात त्यांना काही खटकलंही नाही.

चिंचेचा स्टॉप म्हणजे काय, ते सांगते. चिंच आता नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा ती गेली, नाव राहिलं. करमाडकडून येणाऱ्या बाया इथं उतरायच्या आणि दुभाजकातल्या फटीतून पलीकडच्या वसाहतीत जायच्या. पलीकडं शाळा, दवाखाने, शिकवण्या, ऑफिसं. ती उघडण्याआधी कोणीतरी झाडून-पुसून ठेवावं लागतं. बाया सातला उतरतात आणि नऊच्या आत कामाला जुंपलेल्या असतात. नाश्ता करून दहाला येणाऱ्याला त्या दिसतीलच कशा? आणि रविवारी तर शाळा बंद, दवाखाना बंद, ऑफिस बंद. बाया यायच्या कशाला? पण मोजणारी माणसं नोकरीवाली. त्यांना वेळ रविवारीच. त्यांनी स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी आमची गर्दी मोजली आणि शून्य लिहिलं.

मला ह्याचा एवढा राग का, तेही सांगते. मी फुलंब्रीकडची. घरची शेती. लागोपाठ दुष्काळाची सालं आली, विहिरीनं तळ दाखवला, बैलं छावणीत बांधली. त्याच साली एसटीनं गावात यायचं सोडलं. फाट्यावरूनच वळायला लागली. प्रवासी मिळत नाहीत म्हणे. आम्ही सात पोरी त्या गाडीनं शाळेला जायचो. सगळ्या पासवाल्या. पासाला तिकीट फाटत नाही, म्हणून आम्ही सात जणी कोणाच्या मोजणीतच नव्हतो. फाटा लांब, रस्ता उजाड. घरोघरी म्हणाले, पोरीच्या जातीला एवढं चालत कसं पाठवायचं? वर्षाच्या आत आमच्यातल्या चौघींची लग्नं लागली. माझा बाप हट्टी. तो मला रोज सायकलवर फाट्यापर्यंत सोडायचा. म्हणून मी कंडक्टर झाले आणि त्या चौघी झाल्या नाहीत. गाडी थांबली नाही तर काय काय जातं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्या रविवारी मी हसले.

त्यांचा अहवाल महापालिकेनं मानला आणि दोन-तीन महिन्यांत फट बुजली. सिमेंटचे ठोकळे आले, त्यात माती, मातीत बोगनवेल, आणि वेलीच्या राखणीला काटेरी तार. स्टॉपचा खांब उपटून नेला. डेपोतून आम्हाला ताकीद आली की मध्ये गाडी थांबवायची नाही, बाया सिग्नलला उतरतील.

झाडावर माझा राग नाही. शेतकऱ्याची लेक आहे मी, रोपानं जीव धरला की मला बरंच वाटतं. पण ते दिवस टंचाईचे. आमच्या गल्लीतला नळ आठवड्यानं एकदा यायचा आणि तेव्हाही तासभर नुसता फुसफुसायचा. दुभाजकावरच्या वेलीला मात्र दिवसाआड टँकर. बाया खिडकीतून बघायच्या. तो टँकर मागं पडेपर्यंत माना वळलेल्या असायच्या.

सिग्नल लांब होता. तिथं उतरून मागं चालत यायचं तर कामावर पोहोचायला उशीर. उशीर झाला की बोलणी. आठवड्यात दोनदा झाला की दुसरी बाई. म्हणून गर्दीत गाडी जुन्या स्टॉपपाशी हळू झाली की बाया पटापटा उतरायच्या आणि साडी गुडघ्यावर धरून दुभाजक चढायच्या. मी ओरडायची. ऐकणार कोण? मला तरी माझं ओरडणं कुठं पटत होतं!

त्यांच्यात एक गयाबाई. साठीच्या पुढची, काटक, तोंडाची फटकळ. पलीकडच्या हाडांच्या दवाखान्यात फरशी पुसायला जायची. मला पोरी म्हणायची, मी तिला मावशी. त्या सकाळी गाड्या तुंबल्या होत्या. आमची बस जुन्या स्टॉपपाशी अडकली. गयाबाई दाराशी आली. मी म्हटलं, “मावशी, सिग्नलला उतरा.”

“सिग्नल तुह्या सायबाला दे,” ती म्हणाली आणि उतरली.

पुढची वाट मोकळी झाली. मी घंटी मारली. गाडी हलली आणि मागून आवाज आला. आधी ब्रेकचा, मग बायांचा. दुभाजकावरून पलीकडं उतरताना तिचा पदर तारेत अडकला होता. तो सोडवायला ती खाली वाकली, आणि पलीकडच्या बाजूनं आलेली मोटारसायकल तिच्यावर आदळली.

जीव वाचला. खुबा मोडला. सरकारी दवाखान्यात ती पंधरा दिवस पडून होती. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून मी गेले. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पोरी, तू रोज गाडीवर असती,” ती म्हणाली. “तुला ठाव व्हतं ना, आमी तिथं उतरतो?”

“व्हय मावशी.”

“मंग त्यायला सांगितलं नाय का?”

“सांगितलं व्हतं.”

“मंग काय म्हन्ले?”

“हसले.”

“आन तू?”

मी चादरीची किनार चाचपत बसले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान वळवली.

“तू बी हसली आसशील. आपुन हसतोच गं. लई जुनी सवय हाय.”

तिनं एवढंच म्हटलं. बाहेर येऊन मी जिन्यात बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. लाज वाटली मला. त्या मॅडमची नाही, माझी. मी एकदा बोलले होते, हे खरं. पण हसून मी ते बोलणं स्वतःच पुसून टाकलं होतं. त्या हसण्यावर डॉक्टरांचं शून्य पक्कं झालं. त्या दिवसापासून मला झोप नीट लागेना, जेवण गोड लागेना.

अशात मॅडमच्या संस्थेचं पत्र आलं. रस्ता सुरक्षेसाठी उत्तम काम करणारी वाहक म्हणून माझा सत्कार. गारखेड्यातल्या एका सभागृहात. पत्राखाली पेनानं लिहिलं होतं, ‘गणवेशातच यावे.’ सुट्टीचा दिवस, तरी मी गणवेश इस्त्री करून गेले. जाताना माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं. ठरवून गेले असते तर घाबरून परत फिरले असते.

स्टेजवर बसवलं. शाल दिली, एक कडुनिंबाचं रोप दिलं. मग मॅडमनी माझ्या हातात टाईप केलेला कागद ठेवला आणि कानाशी येऊन म्हणाल्या, “बघून वाच. अडखळू नकोस.”

कागदावर माझंच भाषण होतं. मी न लिहिलेलं. त्यात होतं, ‘या मोहिमेमुळे चिंचेचा धोकादायक स्टॉप बंद झाला आणि अपघात टळले. आम्हा सर्व प्रवाशांच्या वतीने मी आभार मानते.’

अपघात टळले. हे दोन शब्द मी तीनदा वाचले. समोर खुर्च्या भरलेल्या, पहिल्या रांगेत टोपीवाले डॉक्टर. मी कागदाची घडी घातली.

“हे मी वाचणार नाही,” मी म्हटलं. माझा आवाज माईकमधून केवढा तरी मोठा आला. मीच दचकले. “तुम्ही रविवारी मोजलंत. रविवारी त्या बायांना सुट्टी असते. मी त्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही फट बुजवली आणि गयाबाईचा खुबा मोडला. डॉक्टर, तुमच्या दवाखान्यातली फरशी पुसते ती गयाबाई. ती कुठं उतरते, कधी विचारलंत?”

डॉक्टर अर्धवट उठले. “गयाबाई? ती न सांगताच यायची बंद झाली. आम्ही दुसरी बघितली.”

हे ते तक्रारीच्या सुरात बोलले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या दारासमोरच्या रस्त्यावर त्यांचीच बाई मोडून पडली, आणि ह्या हाडांच्या डॉक्टरांना पत्ता नाही.

मॅडमनी माईक ओढून घेतला. “हे व्यासपीठ तक्रारींचं नाही. तुला भान आहे का, तू कुठं उभी आहेस?”

“आहे,” मी म्हटलं. “म्हणूनच बोलले.”

ह्या वेळी कोणी हसलं नाही. मीही नाही. शाल खुर्चीवर ठेवली आणि उतरले. रोप मात्र घेऊन आले. रोपाशी माझं भांडण नाही.

दोन दिवसांनी डेपोतल्या साहेबांनी बोलावलं. समोर कोरा कागद सरकवला. “दोन ओळी माफीच्या लिहून द्या. मोठी माणसं आहेत, वरपर्यंत ओळखी आहेत. तुम्ही कंत्राटावर आहात, एवढं ध्यानात ठेवा. शनिवारपर्यंत वेळ देतो.”

घरी नवरा म्हणाला, “लिही की दोन वळी. तुह्या लिवण्यानं काय आभाळ पडायलंय?” त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. त्याची कंपनी कधी बंद पडेल, नेम नाही. माझ्या नोकरीवर घर चालतं. भीती मला त्याच्यापेक्षा जास्त वाटते. तीन रात्री मी तो कागद उशाशी ठेवला. काय लिहावं ते सुचलं, लिहिताही आलं असतं. हात गेला नाही.

आज शनिवार. दुपारी मी साहेबांच्या टेबलावर कागद कोराच ठेवून आले.

परवा सोमवार. सातच्या गाडीत मी असणार. मशीन हातात राहिलं तर कंडक्टर म्हणून, काढून घेतलं तर तिकीट काढून, प्रवासी म्हणून. बायांशी बोलणं झालंय. सलीमभाईंना विचारलं, तर ते नुसतं म्हणाले, “गाडी रुकेगी.” आम्ही चिंचेच्या स्टॉपलाच उतरणार. गावाकडं कुंपण ओलांडताना टाकतात तसं तारेवर गोणपाट टाकणार. दुभाजकापलीकडं मी आधी जाणार, येणाऱ्या गाड्यांसमोर हात आडवा करून उभी राहणार, आणि शेवटची बाई पलीकडं पोहोचेपर्यंत हलणार नाही. मंगळवारी पुन्हा. बुधवारी पुन्हा. कोणी हॉर्न वाजवो, पोलीस बोलवो, फोटो काढो.

ज्यांना मोजायचंय त्यांनी सात वाजता यावं. बसायला जागा मिळणार नाही. फट उघडेपर्यंत मी हात खाली घेणार नाही.