स्टेजसमोरच्या गवतावर

माझा डावा गुडघा दुखतो, हे आमच्या टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमाच्या सेटवर सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक सीझनमध्ये एकदा तरी अँकर तिन्ही जजना स्टेजवर ओढतो आणि मुलांच्या रांगेत उभं करून चार पावलं टाकायला लावतो. बाकीचे दोघे जातात. मी गुडघ्यावर हात ठेवून हसतो. गुडघ्याला काही झालेलं नाही. लोकांच्या शेजारी, एका रांगेत उभं राहून नाचायची मला भीती वाटते. नाचाला मार्क देणाऱ्या माणसानं हे बोलावं का, ठाऊक नाही.

नववीत माझी शाळा सुटली. वडिलांनी वर्षभर वाट बघितली आणि परभणीहून मला दिल्लीला ताईकडे धाडलं. भाऊजी केंद्र सरकारच्या एका ऑफिसात क्लार्क होते. क्वार्टर दोन खोल्यांचं. त्यांनी बाल्कनीला पत्रे ठोकून माझी खाट लावली. हा किती दिवस राहणार, असं त्या माणसानं एकदाही विचारलं नाही. पहिल्या थंडीत मला स्वतःचा कोट दिला आणि स्वतः एकावर एक दोन स्वेटर घालून ऑफिसला गेले. पुढं फरीदाबादच्या एका कारखान्यात पॅकिंगला लावूनही दिलं. ते काम माझ्याच्यानं झालं नाही.

मराठी मंडळाच्या गणपतीत मी लहान मुलांचा नाच बसवला होता. तो बघून एका बाईंनी मला घरच्या लग्नातला नाच बसवायला गुडगावला नेलं. तेव्हा तिकडं मोहरीच्या शेतांत उंच इमारती उभ्या राहत होत्या. घराघरात केबल आली होती, हातात नवा पैसा होता, आणि प्रत्येक लग्नात घरच्यांना सिनेमासारखं नाचायचं होतं. मी मास्टरजी झालो.

भाऊजींची अट एकच. "काय करायचं ते कर. फक्त आमच्या ऑफिसात कळायला नको. मला तिथं अजून वीस वर्षं काढायचीत." मला ती अट जड वाटली नाही. ज्या घरात जेवतो त्या घराच्या कर्त्याची मान माझ्यामुळं खाली जाऊ नये, एवढीच मला काळजी.

या कामात शिकवणं निम्मंच असतं. खरं काम कार्यक्रमाच्या दिवशी. स्टेजवर गेलं की नवऱ्या मुलाची आई, मावशी, फूफाजी सगळे सगळं विसरतात. म्हणून मास्टरजीनं स्टेजसमोर जमिनीवर बसायचं आणि गाणं संपेपर्यंत सगळे हातवारे करून दाखवायचे. समोरच्यांचा उजवा म्हणजे माझा डावा. त्यांना आरशासारखं दिसावं म्हणून मी सगळं उलटं करायचो. त्यांनी लाजायचं तर मीही लाजायचं. मागून व्हिडिओवाला ओरडायचा, "भैया, और नीचे! सिर आ रहा है!" मी आणखी खाली व्हायचो. एरवी तिथं अंधार असतो, त्यामुळं निभायचं.

एका थंडीत रात्रीचं धुकं इतकं होतं की एका कुटुंबानं लग्नाआधीचं संगीत शनिवारी दुपारी ठेवलं. छतरपूरचं फार्महाऊस, हिरवळ, लख्ख ऊन. मुलाकडच्या बायकांना मी महिनाभर शिकवलं होतं. मुलगी कोणाची, हे मी विचारलं नव्हतं. सकाळी भाऊजी म्हणाले होते, "साहेबांच्या मुलीचं फंक्शन आहे." मी म्हणालो, "मला पण एक आहे." कुठं, ते ना त्यांनी विचारलं, ना मी.

मुलाची आई स्टेजवर होती. मी गवतावर गुडघे टेकून, तोंडावर घुंगट ओढल्यासारखं करून तिच्याकडं लाजून बघत होतो. मान वळवायची जागा आली, मी वळवली, आणि दुसऱ्या रांगेत भाऊजी दिसले. हातात पनीरची प्लेट. शेजारी ऑफिसातले दोघं.

मी थांबलो असतो तर मुलाची आई थांबली असती. थांबलो नाही. घुंगट उघडला, मुरडलो, बोटानं काजळ लावलं.

"ये लड़का है कि लड़की?" त्या दोघांतला एकजण म्हणाला. सगळे हसले. भाऊजीही हसले, थोडंसं, प्लेटकडं बघत.

तेवढ्यात मुलीचे वडील, म्हणजे भाऊजींचे साहेब, माइकवर आले. "चलो, अब हमारा स्टाफ भी नाचेगा!" भाऊजींना दोघांनी ढकलत वर नेलं. ते स्टेजवर झेंडावंदनाला उभे राहावं तसे उभे. गाणं सुरू झालं. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि शेवटी खाली माझ्याकडं.

मी सगळ्यात सोपं दाखवलं. ताक घुसळायचं, मग दोन पावलं उजवीकडं, एक टाळी. त्यांनी घुसळलं. मी हसलो तसे तेही हसले. दुसऱ्या कडव्याला तर खांदेही उडवायला लागले. ताईच्या लग्नातसुद्धा मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

"अरे वाह! आप तो छुपे रुस्तम निकले!" साहेब म्हणाले. "और ये नीचे वाला लड़का कौन है? बढ़िया सिखाता है।"

भाऊजींना धाप लागली होती. "सर, मेरा साला है," ते म्हणाले. "डान्स डायरेक्टर है."

माझे कान गरम झाले. डायरेक्टर! त्यांच्या तोंडून!

"तो नीचे क्यों बैठा है? ऊपर आओ, भाई!"

मी वर गेलो. भाऊजींनी सरकून मला आपल्या आणि साहेबांच्या मध्ये जागा दिली. गाणं पुन्हा लावलं. घुसळणं ठीक झालं. मग दोन पावलं उजवीकडं. सगळी रांग उजवीकडं गेली आणि मी डावीकडं. माझा खांदा भाऊजींना असा लागला की त्यांचा चष्मा उडाला. एकदाच झालं असतं तर धक्का म्हणून सुटलं असतं. दुसऱ्या वेळी मनाशी उजवीकडं, उजवीकडं म्हणत राहिलो, आणि पाय पुन्हा डावीकडंच गेले.

"मास्टरजी, पहले खुद तो सीख लो!" खालून आलं.

साहेब पोट धरून हसत होते. "यार, तुम्हारा डायरेक्टर तो उल्टी गाड़ी चलाता है!"

"जी सर," भाऊजी म्हणाले. ते चष्मा पुसत होते. किती वेळ पुसत होते.

स्कूटरवर मी त्यांच्या मागं बसलो. मेहरौलीच्या अलीकडं त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

मी म्हणालो, "भाऊजी, मी वेगळी खोली बघतो."

"कशाला?"

"उद्या ऑफिसात तुम्हाला..."

"उद्या रविवार आहे." मग मागं वळून त्यांनी विचारलं, "पण तू उलटा का गेलास रे? तूच शिकवलंस ना?"

"मी कायम समोर असतो, भाऊजी. समोरून सगळं उलटं करावं लागतं. लोकांच्या शेजारी उभा राहून मी कधी नाचलोच नाही."

त्यांनी हातानं उजवं-डावं करून बघितलं. "म्हणजे मी बरोबर होतो?"

"एकदम बरोबर. दोन्ही वेळेला."

"साहेबांना कळलं असेल ना ते?"

"कळलं असणार. हसले ते मलाच."

"हं." त्यांनी किक मारली.

दार ताईनं उघडलं. "अगंबाई, दोघं एकदम? कुठं गाठ पडली?"

मी भाऊजींकडं बघितलं. ते वाकून बुटाची नाडी सोडत होते.

"बस स्टॉपवर उभा होता," ते म्हणाले. "घेतला मागं बसवून."

"बरं केलंत. कुडकुडला असता." ताई माझ्याकडं वळली. "बस नव्हती का रे?"

"नव्हती ना," मी म्हणालो. "किती वेळ उभा होतो. आलीच नाही."