फिटचं शूटिंग

मला फिट येते हे मला लोकांकडून कळलेलं आहे. स्वतःला मी कधी पाहिलेलं नव्हतं. आधी दूध करपल्याचा वास येतो. त्यानंतर मी एकदम जमिनीवर असते, जीभ चावलेली असते, अंग ठेचल्यासारखं दुखत असतं आणि भोवतीची माणसं एकमेकांना सांगत असतात की आता ठीक आहे. मधे काय झालं ते त्यांना माहीत असतं. मी विचारत नाही.

पेणला एका गणपतीच्या कारखान्यात मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे. रोह्याहून एसटीने जाऊन-येऊन बारा वर्षं केलं. एक दिवस वास आला तेव्हा माझ्या हातात ब्रश होता आणि शेजारच्या फळीवर रंग सुकत असलेल्या मूर्ती होत्या. सहा गेल्या. मालक चांगला माणूस. त्याने मला पाणी दिलं, स्टँडवर येऊन एसटीत बसवून दिलं. म्हणाला, "तुझा हात चांगला हाय. पण मूर्ती पडली की लोक मला विचारतात, तुला नाय."

आमचं घर रोह्याला लागूनच, अष्टमी गावात. दादा, वहिनी आणि मी. दादा धाटावला कंपनीत शिफ्टला जातो. वहिनी तुटक बोलते. आठ वर्षांत माझं तिचं बोलणं "पाणी आलं" आणि "कुकर बंद कर" याच्या फार पुढे गेलेलं नव्हतं. माझ्याबद्दल तिने माझ्यासमोर कधी तक्रार केली नाही, म्हणून मी धरून चालले होते की मागे करत असणार.

काम सुटल्यावर दादाच्या कंपनीतला कोणीतरी म्हणाला, दाखला काढा, सरकार महिन्याला पेन्शन देतं. आम्ही रोह्याला फॉर्म भरून देणाऱ्याच्या दुकानात गेलो. त्याने स्क्रीनवरची अपंगत्वाची यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.

"यात फिट नाय," तो म्हणाला.

"मग?" दादाने विचारलं.

"मेंदूचे जुनाट विकार आहे. त्यात टाकू?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "टाका."

दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर बोलावणं आलं त्या दिवशी रांगेत माझ्या पुढे कुबड्या घेतलेले एक आजोबा होते आणि मागे व्हीलचेअर. मी दोन पायांवर उभी होते. कोणी काही म्हणालं नाही, पण मी भिंतीला थोडी टेकले.

आत एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी मला सरळ रेषेत चालायला लावलं, बोट नाकाला लावायला सांगितलं. "चालणं उत्तम आहे," त्या म्हणाल्या. मेंदूच्या पट्टीचा, ईईजीचा, रिपोर्ट पाहिला. "हाही नॉर्मल आहे." चांगलं असल्याचं ऐकून इतकं वाईट मला आधी कधी वाटलेलं नव्हतं.

"किती वेळ चालते फिट?"

"माहीत नाही."

"त्या वेळी नेमकं काय होतं?"

"मी नसते तिथे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं करा, पुढची फिट आली की मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि घेऊन या. आणि गोळ्या चालू ठेवायच्या. व्हिडिओसाठी म्हणून बंद करायच्या नाहीत." हे त्या दादाकडे बघून म्हणाल्या. दादाने मान खाली घातली.

त्यानंतर मला फिट आली नाही. एरवी दहा-बारा दिवसांनी यायची. दादा शिफ्टवरून आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, "आली?" मी नाही म्हणायचे आणि दोघांनाही जरा ओशाळल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात जेवताना तो म्हणाला, "एक दिवस गोळी चुकली तर—"

"गप जेवा," वहिनी म्हणाली.

शेवटी एका रविवारी दुपारी आली. मी आणि वहिनी भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. दादा घरातच होता. शुद्धीवर आले तेव्हा तो मोबाईल छातीशी धरून उभा होता. "काढला," तो म्हणाला.

संध्याकाळी पाहिला. त्यात दोन मिनिटं दादाचाच चेहरा होता. कॅमेरा उलटा लागला होता. दादाचे ओठ थरथरत होते आणि तो सारखा "काय नाय, काय नाय" म्हणत होता. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही नाही. व्हिडिओ संपल्यावर तो म्हणाला, "हा चालायचा नाय," आणि बाहेर जाऊन बसला.

दुसरी बाराव्या दिवशी आली. या वेळी कॅमेरा बरोबर होता. दादाने मोबाईल माझ्या हातात दिला. मी तो घेऊन मोरीत गेले आणि दाराला कडी लावून पाहिला.

जमिनीवर एक बाई होती. तिचे दात आवळलेले, हातपाय झटके देत होते. ती मी आहे हे कपड्यांवरून ओळखलं. वहिनीने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची मांडी दिली आणि गाऊन ओढून पाय झाकले. मग दादाला म्हणाली, "आता काढ." तो आधीपासूनच काढत होता. शेजारची बाई हुंगवायला चप्पल घेऊन दारातून आली, तिला वहिनीने हातानेच परत पाठवलं. आणि मग वहिनी माझ्याशी बोलायला लागली. पदराने माझं तोंड पुसत, हलक्या आवाजात, लहान पोरीशी बोलावं तसं. "मी हाय गो इथंच. काय घाई नाय. सावकाश ये. आज वांगी आणलीत, तुला आवडतात तशी भरून करीन. ये गो." मी हलायची थांबले तरी ती बोलत होती.

मी तो तीनदा पाहिला. बाहेरून दादा म्हणाला, "नीट आलाय ना?" मी म्हटलं, "आलाय."

दुसऱ्या दिवशी वहिनी भाजी चिरत असताना मी विचारलं, "तू दर वेळी बोलतेस?"

ती म्हणाली, "मग काय करू? नुसतं बसून कंटाळा येतो."

मी खाली बसून तिच्या पुढ्यातली अर्धी भाजी ओढून घेतली. तिने दुसरी विळी माझ्याकडे सरकवली नाही. माझ्या हाती ती विळी देतच नाही. मी मेथी निवडली.

बोर्डाने व्हिडिओ अर्धा मिनिट पाहिला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या कोण?" मी सांगितलं. त्यांनी सोबत आलेल्या वहिनीलाही दोन प्रश्न विचारले: किती वेळ, किती दिवसांनी. वहिनीने मिनिट-सेकंदांसकट सांगितलं. इतकी वर्षं ती मनात आकडे मोजत होती हेही मला तिथे कळलं. काही आठवड्यांनी दाखला आला. चाळीस टक्के, तात्पुरता. त्याहून कमी असतं तर पेन्शन बसत नव्हती.

तो घेऊन आम्ही दोघी तहसीलला गेलो. वहिनीचा गुडघा दुखतो, ती जिना लंगडत चढली. खिडकीतल्या माणसाने दाखला वाचला, आमच्याकडे पाहिलं आणि शिपायाला सांगून वहिनीसाठी खुर्ची आणवली. "मावशी, तुम्ही बसा. अपंगांना उभं ठेवत नाही आम्ही."

मी सांगणार होते. पण वहिनी बसली. पाय पसरून, नीट टेकून बसली आणि मला म्हणाली, "तू कर सही. मी हाय इथंच."

अर्ज मंजूर व्हायला पाच महिने लागले. फिट अजून येते.